आर्विलच्या मापाची काठी

हॉबर्ट फ्यूगेटनं खणलेल्या कबरीत कुणाला पाय दुमडून निजावं लागलं नाही, हे स्पायसवुडच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात एकदा धिप्पाड लाँझो नोबलची पेटी खड्ड्यात तिरकी अडकली होती. बायको काठावर उभी, पाद्री अर्ध्या प्रार्थनेत, आणि चौघांना फावडी घेऊन पुन्हा खाली उतरावं लागलं. त्याला जमाना झाला, पण तिकडच्या माणसाची खोडी काढायची असली की आमच्याकडचे अजून विचारतात, "काय मग, लाँझो बसला का नीट?" हॉबर्टच्या कामाबद्दल असं बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्याची रीत जुनीच, बापाकडून आलेली. माणूस गेल्याचा निरोप आला की हॉबर्ट हॅट काढून त्या घरात जायचा. हिकरीच्या चिवट लाकडाची सरळ, सोललेली काठी मेलेल्याच्या टाळूपासून टाचेपर्यंत धरायचा आणि चाकूनं तोडायचा. त्या काठीवरून सुतार पेटी करी, त्याच काठीवरून खड्ड्याची लांबी ठरे, आणि शेवटी ती काठीही पेटीशेजारी मातीत जाई. ती घरी परत आणायची नसते. या कामाचे पैसे कुणी देत नाही, कुणी घेत नाही. काम झालं की त्या घरी जेवायचं, बस्स. आणि आपल्या रक्ताच्या माणसाची कबर आपण खणायची नाही. ती शेजाऱ्यांनी खणायची. घरच्यांनी ओसरीवर हात मांडीवर ठेवून बसायचं. खोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरासाठी हॉबर्टनं खणलं होतं, म्हणजे प्रत्येक घर त्याला एक खड्डा देणं लागत होतं, असं शेजारचा एल्झी कूम्स थट्टेनं म्हणायचा. हॉबर्टचा मुलगा आर्विल लढाईत दूरच्या तरावा बेटावर पडला, त्या दिवसापासून एल्झीनं ती थट्टा बंद केली.

आर्विल मरीनमध्ये, समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या फौजेत, गेला होता. त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात त्यांना त्या बेटाच्या किनाऱ्यावर उतरवलं. तो मेल्याची तार आली. मृतदेह मात्र आला नाही. लढाई संपल्यावर एकेक करून बाकीच्यांची पोरं पेट्यांतून आगगाडीनं घरी आली, आणि हॉबर्टनं त्यांच्यासाठी खणलं. पेट्या बंद असत, माप सरकारी असे, काठीची गरज नसे. तरी हॉबर्ट पेटीच्या लांबीची काठी तोडून घेई. स्टेशनावर गाडी आली की तो फलाटाच्या कडेला उभा राही आणि पेटीवरचं नाव वाचून मान खाली घाली. ते आर्विलचं नसल्याचं त्याला वाईट वाटे आणि त्याच क्षणी बरंही वाटे. बरं वाटल्याची लाज वाटे ती वेगळीच.

एकोणपन्नासच्या वसंतात सरकारनं कळवलं, शोध थांबवला आहे. बेटावर सापडायचं ते सापडलं, आर्विल फ्यूगेट त्यात नाही.

हॉबर्टच्या बायकोनं, ऑर्लेनानं, ते ऐकून घेतलं आणि पुन्हा घेवड्याच्या शेंगा मोडायला बसली. सगळ्या मोडून झाल्यावर म्हणाली, "मग आता आपणच त्याला जागा करायची. सजावटीच्या रविवारच्या आत."

मे महिन्यातल्या त्या रविवारी सगळं खोरं टेकडीवरच्या कबरस्तानात जमतं. गवत खरवडायचं, कबरींवर नवी माती चढवायची, फुलं लावायची, मग झाडाखाली चादरी पसरून सगळ्यांनी मिळून जेवायचं. हॉबर्टला तो दिवस आवडायचा. आता मात्र त्यानं शेंगांच्या टोपलीकडे पाठ केली.

"खाली माणूस नाही आणि वर मातीचा उंचवटा? ते थडगं नव्हे, ऑर्लेना, ती थाप आहे."

"थाप तर थाप. मी रडायचं कुठं ते सांग. चुलीपाशी?"

"रडू नको म्हटलं का मी?"

"तुझ्या आईला जागा आहे. दोन दिवस जगलेल्या आपल्या पोरीला जागा आहे. त्या दारुड्या विलार्डला पण जागा आहे, आणि तूच खणलीस ती! माझ्या धडधाकट पोरालाच तेवढी नाही."

"तो सापडला नाही म्हणतात. सापडला नाही आणि मेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

ऑर्लेनानं नवऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं तो हे पोटात धरून बसला होता, हे तिला ठाऊक होतं. त्यानं ते तोंडातून काढलं, एवढंच नवं होतं. संध्याकाळी ओढ्याच्या वाटेवर पावलं वाजली की हॉबर्ट मान वर करायचा. कुत्रं भुंकलं की दाराशी जायचा. सगळ्या खोऱ्याच्या मरणाला हात लावलेला माणूस, पण स्वतःच्या पोराच्या मरणाला तो शिवायला तयार नव्हता.

ती भांडली नाही. दरवर्षीसारखी कागदी फुलं करायला बसली. क्रेप कागदाच्या पाकळ्या कापायच्या, तारेवर वळायच्या, वितळलेल्या मेणात बुडवून वाळत घालायच्या; मेणामुळे ती पावसात टिकतात. कोणाला किती लागतात ते तिला पाठ होतं. सासूला गुलाबी, पोरीला पांढरी. ती सगळी झाली तरी तिचे हात थांबेनात. निळी फुलं निघत राहिली. टेबल भरलं, खुर्ची भरली, खिडकीची पट्टी भरली. हॉबर्टला कॉफीचा पेला ठेवायला जागा उरली नाही.

"ही कुणाची?" त्यानं अखेर विचारलं.

"तूच सांग कुठं लावू. म्हणशील तिथं लावते. कोंबड्यांच्या खुराड्यावर लावू?"

हॉबर्ट पेला हातात धरून उभाच राहिला. निळ्या फुलांचा मेणकट वास घरभर सुटला होता. कॉफी गार झाली तेव्हा त्यानं ती बाहेर ओतली आणि म्हणाला, "करायचं तर नीट करायचं. नुसता ढिगारा नाही. पुरा खोल खड्डा, आणि काठी."

"बरं," ऑर्लेना म्हणाली. पुढं काही बोलली असती तर त्याचं मन फिरलं असतं, हे तिला कळत होतं.

काठी तोडायची, पण माप कुणाचं घ्यायचं? स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर एक खूण होती. आर्विल निघाला त्या सकाळी ऑर्लेनानं त्याला चौकटीला टेकून उभं केलं होतं, डोक्यावर बायबल आडवं धरलं होतं, आणि हॉबर्टनं त्याच्या खाली चाकूनं रेघ ओढली होती. "बैल विकायला काढलाय जणू," असं म्हणून आर्विल हसला होता. हसताना हलला, म्हणून ती रेघ जराशी वाकडी होती. हॉबर्टनं शुक्रवारी हिकरीची फांदी सोलली, एक टोक उंबऱ्याशी टेकवलं आणि त्या वाकड्या रेघेशी चाकू लावला. किती तरी काठ्या तोडलेला हात, पण ही एका घावात तुटली नाही.

ती त्यानं एल्झीच्या हातात दिली. एल्झीनं ती दोन्ही तळव्यांवर घेतली आणि नेहमीसारखं काही तरी वेडंवाकडं बोलायला तोंड उघडलं, पण मिटून घेतलं. "उद्या सकाळी," एवढंच म्हणाला.

शनिवारी टेकडीवरून कुदळींचा आवाज येत होता आणि हॉबर्ट ओसरीवर बसला होता. कुठला आवाज मातीचा, कुठला खडकाचा, कुठं मूळ लागलं, सगळं त्याला बसल्या जागी कळत होतं. हात मांडीवर राहीनात. त्यानं एकदा बूट काढून पुन्हा घातले. आत ऑर्लेना आर्विलच्या रविवारच्या शर्टाला इस्त्री करत होती. दर वसंतात ती तो शर्ट ट्रंकेतून काढून धुवायची आणि पुन्हा ठेवायची. आज तो कबरीत ठेवायचा होता.

दुपारी ओढ्याच्या वाटेनं कुणी तरी येताना दिसलं. हॉबर्टनं सवयीनं मान वर केली. बुटका, रुंद खांद्यांचा, शहरी बूट चिखलानं भरलेला, हातात कोट. कुत्रं भुंकलं तसा तो कुंपणाशीच थांबला.

"फ्यूगेटांचं घर हेच का? मी कॅसिमिर ड्यूडेक. पिट्सबर्गहून आलोय. आर्विलबरोबर होतो मी."

हॉबर्ट ओसरीवरून उठून उभा राहिला. ऑर्लेना इस्त्री तशीच ठेवून बाहेर आली.

"उन्हात काय उभा राहिलास? ये वर. जेवलास का?"

त्यांनी त्याला टेबलाशी बसवलं. मक्याची भाकरी, घेवडा, आणि उद्यासाठी केलेला वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक, तोही ऑर्लेनानं कापला. केक बघून कॅसिमिरचा घास थांबला.

"याच्याबद्दल तो सारखा सांगायचा. डब्यातलं गारढोण खाताना सांगायचा. मुद्दाम, आम्हाला छळायला." त्यानं तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. "मी आधी यायला पाहिजे होतं, काकू. दर वर्षी निघायचो आणि बस स्टँडवरून परत जायचो."

"आता आलास ना," ऑर्लेना म्हणाली. "सांग. मला सगळं सांग. गोड करून सांगू नकोस."

मग त्यानं सांगितलं. भरती हवी तेवढी आली नव्हती. नावा खडकात अडकल्या, किनारा लांब राहिला, आणि त्यांना पाण्यात उतरून चालत जायला सांगितलं. समोरून गोळ्या येत होत्या. पळता येत नव्हतं, लपायला काही नव्हतं, फक्त चालायचं. कॅसिमिरच्या हनुवटीपर्यंत पाणी होतं, खड्डा लागला की नाकातोंडात जायचं. आर्विलला पोहता येत नव्हतं.

"ओढ्यात कुठलं पोहणं," हॉबर्ट पहिल्यांदाच बोलला. "घोट्याएवढं पाणी."

"पण तो उंच ना, काका. त्याला पाणी छातीएवढं. म्हणाला, बुटक्या, माझा पट्टा धर आणि मागं मागं ये. मी धरला. तो पुढं, मी त्याच्या पाठीशी." कॅसिमिरनं ताटलीवर बोट फिरवलं. "उंच माणूस लांबून दिसतो. मी त्याच्या मागं होतो, म्हणून आज तुमच्या टेबलाशी बसलोय. हे सांगायला यायचं होतं, आणि म्हणूनच येववत नव्हतं."



"त्याला त्रास झाला?" ऑर्लेनानं विचारलं.

"नाही. खरंच नाही. तो पुढं चालत होता आणि मग नव्हता. मी धरून ठेवला होता पट्टा, काकू. पण त्याच्या वजनानं मी पण खाली जायला लागलो, आणि... सोडला. नंतर भरती आली. दुसऱ्या दिवशी मी शोधला. वाळूत चर खणून सगळ्यांना एकत्र ठेवत होते, तिथंही पाहिला. नव्हता तो."

हॉबर्ट उठून खिडकीशी गेला. म्हणजे मेला होता. कुठल्या बेटावर हरवला नव्हता, आठवण जाऊन कुठं हिंडत नव्हता. सहा वर्षं तो वाटेकडे बघत होता, आणि पोरगा पहिल्या सकाळीच पाण्यात गेला होता.  टेकडीवर कुदळी थांबल्या होत्या. काम होत आलं असणार.

ऑर्लेना मात्र उठून कॅसिमिरच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "सोडलास ते बरं केलंस," ती म्हणाली. "त्यानं तुला कशाला मागं घेतलं होतं मग?" कॅसिमिरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली आणि त्याला दुसरं काही तरी दाखवावं म्हणून दाराच्या चौकटीकडे बोट केलं. "ती रेघ बघ. निघाला त्या दिवशीची. एवढा होता माझा पोरगा."

कॅसिमिरनं डोळे पुसून बघितलं. उठला, जवळ गेला, रेघेवर हात ठेवला.

"नाही, काकू. याच्यापेक्षा उंच होता तो."

"अरे, आम्ही स्वतः मोजलाय."

"नंतर वाढला ना! आम्ही सगळे हसायचो. पँट आखूड झाली म्हणून त्याला दोनदा बदलून मिळाली. सार्जंट म्हणायचा, या डोंगरी पोराला खायला घालू नका, सरकार बुडेल." तो चौकटीला पाठ लावून उभा राहिला. "रांगेत माझ्या मागं उभा असला की माझ्या डोक्यावर हनुवटी टेकायचा. रोज. मी चिडायचो. म्हणजे त्याची हनुवटी इथं..." त्यानं आपल्या टाळूवर हात ठेवला, मग वर, चेहऱ्याएवढ्या अंतरावर, तळवा आडवा धरला. "आणि डोकं इथं."

हॉबर्टनं खिशातून चाकू काढला आणि त्या तळव्याखाली रेघ ओढली. दोन रेघांमध्ये त्यानं बोटं ठेवून पाहिली. चार बोटं मावली.

ऑर्लेनाला हसू आलं. "वाढला! बघ, हॉबर्ट, चार बोटं वाढला. मी म्हणायचे ना, अंगानं अजून भरायचाय तो. पोटभर घालत होते त्याला." ती हसत हसत इस्त्रीच्या पाटापर्यंत गेली, शर्टाची बाही हातात घेतली आणि तिथंच थांबली. "मग हा त्याला होणार नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

हॉबर्टनं हॅट घेतली नाही. सोप्यात उरलेली हिकरीची फांदी उचलली, नव्या रेघेला लावून तोडली, आणि टेकडी चढायला लागला. कॅसिमिर त्याच्या मागून निघाला.

वर एल्झी आणि दोघं तिघं जण फावडी गवतावर पुसत होते. खड्डा चौकोनी, कडा नीट तासलेल्या. चांगलं काम होतं. काठावर जुनी काठी ठेवली होती. हॉबर्टनं शेजारी नवी ठेवली.

"आखूड झालाय," तो म्हणाला.

एल्झीचा चेहरा पडला. "तू दिलेल्या काठीवर घेतलाय, बाबा."

"तुझी चूक नाही. माझी काठी चुकली. पोरगा वाढला होता."

"बरं, पण पेटीसाठी वीतभर जास्त ठेवलंय की आम्ही. त्यात बसेल."

"ती वीत पेटीची. त्याची नाही."

"अरे, पण पेटी कुठं आहे, हॉबर्ट? त्यात निजायचंय कुणाला?" एल्झी बोलून गेला आणि त्याला आपली जीभ उपटून टाकावीशी वाटली. बाकीचे जमिनीकडे बघायला लागले.

हॉबर्ट रागावला नाही. "या खोऱ्यात मी कुणाला पाय दुमडायला लावले नाहीत," तो म्हणाला. "माझ्याच पोरापासून सुरुवात करू?"

त्यानं हात पुढं केला. एल्झीनं कुदळ मागं घेतली. "आम्ही करतो की. बापानं हात लावायचा नसतो. तूच मला शिकवलंस."

"शिकवलं. तुम्ही खणायचं ते खणलंत. एवढं माझं आहे. तो वाढला तेव्हा मी नव्हतो तिथं."

एल्झीनं कुदळ दिली. हॉबर्ट पायथ्याच्या बाजूनं, पूर्वेकडे, खाली उतरला. वयामुळे गुडघे कुरकुरत होते. तिथली माती पिवळी, चिकट, मध्येच दगडाची पाटी. तो वरपासून तळापर्यंत चार बोटं तासत आला. कुणी मदतीला उतरलं नाही, कुणी घाई केली नाही. नियम मोडला जात होता आणि सगळे डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन उभे होते. मध्येच त्यानं कपाळ पुसलं तेव्हा तोंडभर माती लागली, आणि ती ओली कशानं झाली ते वरून कळत नव्हतं.

तळ सारखा झाल्यावर त्यानं नवी काठी मागितली. तळाशी ठेवली. बरोबर बसली, पेटीची वीतही उरली. मग जुनीही मागितली.

"दोन?" एल्झीनं विचारलं.

"दोन्ही त्याच्याच. घरी न्यायच्या नसतात."

काठ्या ठेवून झाल्या तरी तो वर यायला हलेना. ऊन कलायला लागलं होतं. उघडी कबर रात्री ठेवत नाहीत, माती लोटायला हवी होती. कॅसिमिर काठावर पालथा पडून हात खाली देत होता, बुटका म्हणून तो पुरत नव्हता. तेवढ्यात ऑर्लेना टेकडी चढून आली. एका हातात निळ्या फुलांची टोपली, दुसऱ्या हातात शर्ट. धाप लागली होती आणि बोटाला सुई टोचल्याचं रक्त होतं.

ती काठाशी गुडघ्यांवर बसली. शर्टाच्या बाह्यांची टोकं तिनं उसवून खाली सोडली होती, खालची दुमडही सोडली होती. जुन्या दुमडीची रेघ इस्त्रीनंही गेली नव्हती. तिच्या खालचं कापड, कधी ऊन न लागलेलं, बाकीच्यापेक्षा गडद दिसत होतं. चार बोटं.

"आता होईल त्याला," ती म्हणाली.

हॉबर्टनं दोन्ही हात अंगावर पुसले आणि शर्ट घेतला. तो त्यानं काठ्यांच्या बाजूला उताणा पसरला, गुंडी लावली, बाह्या सरळ केल्या. मग तो खाली, आपल्या पोराच्या पायथ्याशी, मातीत बसला आणि मोठ्यानं रडला. वरच्या माणसांपैकी कुणी फावडं उचललं नाही. ते थांबले.